आधी तिकीट, मग शेगडी!

शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज पडतो, ‘शनिवारी माहुली, मुक्कामी. कोण कोण?’ पाच मिनिटांत आठ जणांचे अंगठे वर. टेंट कोणाचा, मॅगी कोण आणणार, स्पीकर कोण आणणार, काँट्री किती, सगळं ठरतं. शेवटी कोणीतरी विचारतं, ‘चहा कशावर करायचा?’ त्यावर ठरलेलं उत्तर येतं, ‘अरे, छोटी शेगडी मागव ना ऑनलाइन, उद्या येईल!’

ती खरंच उद्या येते. विशेषतः तुम्ही आमच्या पट्ट्यात राहत असाल तर. ठाण्याहून जुन्या आग्रा रोडने निघा, कशेळी, काल्हेर, मग पूर्णा, राहनाळ, पुढे अंजूरफाटा. दोन्ही बाजूंना गोदामंच गोदामं. मुंबई-ठाण्याच्या घराघरांत पोहोचणाऱ्या कितीतरी वस्तू भिवंडी तालुक्यातल्या अशा गोदामांतून निघतात. पूर्णा गावातल्या मुलांना ट्रकच्या रांगा नव्या नाहीत. तेव्हा शेगडी मिळणं हा प्रश्न नाहीच. कुठली घ्यायची, हा आहे. आणि त्याचं उत्तर रेटिंगच्या ताऱ्यांमध्ये नाही, तुमच्या तिकिटात आहे.

म्हणजे काय? सांगते.

जाणार कसे, ते आधी ठरवा

माहुलीला जायचं तर बहुतेक ग्रुप आसनगाव लोकल पकडतात. स्वस्त, सोपी, शिवाय सगळे एकत्र. पण गॅसचा सिलिंडर किंवा भरलेला कॅन घेऊन ट्रेनमध्ये चढणं हा गुन्हा आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ प्रमाणे धोकादायक वस्तू बेकायदा नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय त्या वस्तूमुळे नुकसान झालं तर तेही तुमच्याच डोक्यावर. ‘सॅकमध्ये कोण बघतंय’ हे खरं असेलही, पण प्रश्न कोण बघतंय हा नाही.

२६ ऑगस्ट २०२३ ची पहाट आठवा. लखनौहून निघालेल्या यात्रेकरूंचा एक खासगी डबा तामिळनाडूत मदुराई स्टेशनजवळ उभा होता. डब्यात नियम मोडून गॅस सिलिंडर आणलेला होता आणि त्यावर चहा करताना आग लागली, असं रेल्वेने सांगितलं. नऊ जण गेले. तिथेही हेतू तुमच्यासारखाच होता, एक कप चहा! आता हाच प्रकार संध्याकाळच्या भरगच्च कसारा लोकलमध्ये झाला तर काय होईल, याची कल्पना करून बघा.

एसटीतही ज्वालाग्राही वस्तू न्यायला बंदी आहे. विमानात तर गॅसचा कॅन हातातल्या बॅगेतही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. बाइकवाल्यांनो, तुम्हीही ऐका. मागच्या सीटवर बंजी दोरीने सिलिंडर बांधून नेणं फोटोत भारी दिसतं, पण भरलेले गॅस सिलिंडर दुचाकीवरून न्यायला गॅस सिलिंडर्स रूल्स, २०१६ मध्ये मनाई आहे.

म्हणजे उरलं काय? स्वतःची किंवा भाड्याची गाडी. तीही अशी, की कॅन सावलीत राहील, उन्हात तापलेल्या बंद डिकीत तासन् तास पडून राहणार नाही. म्हणून म्हटलं, आधी तिकीट. लोकलने जाणार असाल तर गॅसची शेगडी यादीतून खोडा. मग खायचं काय? त्याची सोय शेवटी सांगते, उपाशी ठेवणार नाही.

चार शेगड्या, चार स्वभाव

गाडी आहे असं धरू. बाजारात चार प्रकार दिसतात.

पहिली, कॅनच्या डोक्यावर बसणारी चिमुकली शेगडी. तिचे पाय दुमडतात, मुठीत मावते, वजन साधारण शंभर-दीडशे ग्रॅम. खाली आट्यांच्या तोंडाचा बुटका, घुमटासारखा कॅन लागतो. पाठीवर सामान घेऊन चढणाऱ्या दोघा-तिघांसाठी ही उत्तम. दोष एकच, उंच आणि डुगडुगती. तिच्यावर आठ जणांच्या मॅगीचा टोप ठेवलात तर टोप, मॅगी आणि शेगडी तिन्ही एकदम आडवी. मोठा टोप ठेवायचा असेल तर कॅनपासून नळीने जोडलेली, जमिनीवर तीन पाय पसरून बसणारी शेगडी बघा. वजन थोडं जास्त, पण बैठक पक्की.

दुसरी, सुटकेससारख्या डब्यात येणारी चपटी शेगडी. हिला कॅसेट स्टोव्ह म्हणतात. हिचा कॅन लांबट, डिओच्या बाटलीसारखा, शेगडीच्याच पोटात आडवा बसतो. घरच्यासारखं बटण, घरच्यासारखी बैठक. गाडी टेंटपर्यंत जात असेल तर हिच्यासारखी सोयीची दुसरी नाही. घेताना एक गोष्ट नक्की तपासा. कॅनमधला दाब वाढला तर गॅस आपोआप बंद करणारी यंत्रणा तिच्यात आहे का? आणि वापरताना एक गोष्ट पाळा, तवा किंवा कढई इतकी मोठी नको की ती कॅनच्या कप्प्यावर येईल. वरची उष्णता खाली परतते, कॅन तापतो आणि फुटू शकतो. कुटुंबाच्या पिकनिकला बिर्याणीचं पातेलं चढवण्यासाठी ही शेगडी नाही.

तिसरी, भांडं आणि बर्नर एकत्र असलेली उंच मगासारखी. वारा लागत नाही, पाणी झपाट्याने उकळतं, गॅस कमी लागतो. पण ती पाणी उकळण्यासाठीच जन्मली आहे. कॉफी, कप नूडल्स, सूप यांना छान. तिच्यात पोहे परतायला जाऊ नका. शिवाय ती महाग असते आणि एका वेळी दोघांचंच भागवते.

चौथी, पाच किलोचा सिलिंडर आणि एका बर्नरची शेगडी. तेल कंपन्यांचा हा छोटा सिलिंडर गॅस एजन्सीत, काही पेट्रोल पंपांवर आणि दुकानांत ओळखपत्र दाखवून मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. इंडियन ऑइलने २०२० मध्ये त्याचं नावच ‘छोटू’ ठेवलं. पण छोटू उचलून बघा, भरलेला लोखंडी सिलिंडर दहा किलोच्या वर जातो. एका रात्रीच्या ट्रेकला हा न्यायचा म्हणजे कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायला टेम्पो काढण्यासारखं. मात्र एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर असेल, गाडी थेट शाळेच्या पटांगणात जात असेल, तर तोच योग्य. सोबत कंपनीचा रेग्युलेटर आणि नारंगी सुरक्षा पाइप हवाच, साधी प्लास्टिकची नळी नको.

ऑनलाइन घेताना सगळ्यात जास्त घोळ होतो तो तोंडाचा. आट्यांचा कॅन आणि लांबट कॅन एकमेकांच्या शेगडीला बसत नाहीत. मग जोडणी म्हणून अॅडाप्टर मागवला जातो. एक जोड वाढला की गळतीची एक जागा वाढली. त्यापेक्षा आधी ठरवा, आपल्याला कुठला कॅन नेहमी मिळणार आहे? मग त्याला बसेल अशी शेगडी घ्या. शेगडी एकदाच घ्यायची असते, कॅन दर ट्रिपला. त्यामुळे किंमतही कॅनचीच जास्त बघा.

काँट्रीआधी ग्रॅमचं गणित

‘एक कॅन पुरेल का रे?’ हा प्रश्न दर ट्रिपला येतो आणि उत्तर अंदाजपंचे दिलं जातं. जरा अकरावीचं फिजिक्स काढू.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल उष्णता लागते. एक ग्रॅम गॅस जळला की जवळपास ४५ किलोज्यूल मिळतात. म्हणजे कागदावर सात ग्रॅम पुरतात. पण उघड्यावर निम्मी उष्णता टोपाच्या बाजूने हवेत जाते. म्हणून लिटरमागे १५ ग्रॅम धरा.

आता आठ जणांची एक रात्र. संध्याकाळचा चहा सव्वा लिटर, मॅगीला तीन लिटर, सकाळचा चहा पुन्हा सव्वा लिटर, टाक्यातलं पाणी उकळून प्यायचं म्हणून माणशी अर्धा लिटर, म्हणजे चार. बेरीज साडेनऊ लिटर. गुणिले १५, झाले १४० ग्रॅमच्या आसपास. सकाळचे पोहे परतणं आणि वाऱ्याने खाल्लेला गॅस धरला तर दोनशे. २३० ग्रॅमचा एक कॅन जेमतेम पुरतो, म्हणून दोन न्या. खिचडी करायची असेल तर ज्योत अर्धा-पाऊण तास चालू राहणार, तेव्हा दुसरा कॅन लागणारच.

गॅस वाचवायचा सर्वात स्वस्त उपाय आईला विचारा, झाकण ठेवा! तांदूळ-डाळ घरूनच धुवून वाळवून, भाजून न्या किंवा निघायच्या आधी भिजवा. चहाला पाणी मोजून घ्या. आणि शेगडी दगडाच्या आडोशाला लावा. आडोसा म्हणून पत्रा चारी बाजूंनी कॅनभोवती गुंडाळायचा मात्र नाही. ज्योतीला आडोसा हवा, कॅनला हवा खेळती हवी. कॅनला हात लावून बघत राहा. गार लागला तर ठीक, गरम लागला तर लगेच बंद.

माहुलीला चालतो तो केदारकंठ्याला चालेल?

नाही चालणार. कॅनवरची बारीक अक्षरं वाचा. लांबट कॅनमध्ये बहुतेक वेळा ब्युटेन असतो. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाला उकळतो. म्हणजे त्याच्या खाली तो द्रवच राहतो, गॅस होऊन बर्नरपर्यंत येतच नाही. आयसोब्युटेन उणे १२ अंशांपर्यंत साथ देतो आणि प्रोपेन उणे ४२ पर्यंत. म्हणून बर्फातल्या ट्रेकसाठी आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण असलेला कॅन लागतो. आपल्या सह्याद्रीत डिसेंबरच्या पहाटेही साधा कॅन चालतो, फक्त ज्योत मंद होते. कारण गॅस बाहेर पडताना कॅन स्वतःच गार होत जातो. अशा वेळी कॅन रात्री कपड्यांत गुंडाळून ठेवा. दुसऱ्या शेगडीवर तापवायची कल्पना कोणी मांडली, तर त्याला भांडी घासायला पाठवा.

उंचीचंही एक गणित आहे. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. कळसूबाईवर, १६४६ मीटरवर, पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं. चहाला फरक पडत नाही, पण तुरीची डाळ शिजता शिजत नाही. वर जाताना मूगडाळ न्या.

‘भरून देतो’ म्हणणाऱ्यापासून सावध

आता सगळ्यात महत्त्वाचं. गावोगावच्या बाजारात दोन-तीन किलोचा, वरच बर्नर बसवलेला बिननावाचा सिलिंडर मिळतो. भाड्याच्या खोलीत राहणारे कामगार, बाहेरगावहून शिकायला आलेली मुलं, अनेकांचा संसार त्याच्यावर चालतो. तुमच्या ग्रुपमध्येही कोणाकडे तरी तो असेलच. तो संपला की कुठल्यातरी दुकानामागे घरगुती सिलिंडरमधून त्यात गॅस ‘पलटी’ केला जातो.

असं एका सिलिंडरमधून दुसऱ्यात गॅस भरणं एलपीजीच्या पुरवठ्याविषयीच्या २००० सालच्या आदेशाने बंद केलं आहे. कायदा बाजूला ठेवा, आपण धोका समजून घेऊ. अधिकृत प्लांटमध्ये सिलिंडर कधीच काठोकाठ भरत नाहीत. द्रवाला पसरायला वर रिकामी जागा सोडतात. दुकानामागे वजनकाटा असेलच असं नाही. सिलिंडर काठोकाठ भरला आणि उन्हात गाडीत तापला, तर आतल्या द्रवाला पसरायला जागा उरत नाही. शिवाय त्या सिलिंडरची तपासणी शेवटची कधी झाली, हे कोणालाच ठाऊक नसतं.

कंपनीच्या सिलिंडरवर मात्र ते लिहिलेलं असतं. वरच्या कड्याच्या आतल्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्ष बघा. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. ‘बी-२७’ असेल तर जून २०२७ पर्यंत त्याची चाचणी व्हायला हवी. तारीख उलटून गेलेला सिलिंडर घेऊ नका. घरच्या किचनमधलाही आजच बघा, एक रील कमी बघून होईल.

एकदाच वापरायचे कॅन पुन्हा भरायची किटंही हल्ली सहज मिळतात. चार पैसे वाचतात, पण ती पातळ पत्र्याची बाटली परत परत भरण्यासाठी बनवलेलीच नाही. नकोच.

टेंटच्या आत? अजिबात नाही!

रात्री दोन वाजता थंडी वाजते, बाहेर वारा असतो आणि कोणाला तरी सुचतं, ‘शेगडी आत घे रे, उबही येईल.’ टेंटला आग लागेल ही भीती सगळ्यांना असते. पण जी भीती वाटत नाही ती मोठी आहे. बंद जागेत हवा कमी पडली की जळणारा गॅस कार्बन मोनॉक्साइड तयार करतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या ऑक्सिजनची जागा तो घेतो. डोकं जड होतं, झोप येते आणि झोपलेला माणूस उठत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक असेच गेले. त्यात चार लहान मुलं होती. बंद खोलीत गॅसचा हीटर लावून ती मंडळी झोपली होती. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरच्या बातम्याही तुम्ही वाचल्याच असतील. टेंट म्हणजे त्याहून लहान खोली.

दुसरं म्हणजे एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, खड्ड्यात आणि टेंटच्या तळाशी साचतो. तुम्ही झोपताही तिथेच. म्हणून कॅन रात्री शेगडीपासून वेगळा करून टेंटच्या बाहेर ठेवा. शेगडी जोडल्यावर जोडावर साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून तपासायचं नाही, हे इंजिनीअरिंगवाल्यांनाही सांगावं लागतं. कॅन बदलायचा असेल तर आसपासची प्रत्येक ज्योत आधी विझवा, सिगारेटसकट.

जंगल आपलं आहे, पण आपल्या बापाचं नाही

माहुली तानसा अभयारण्याच्या परिसरात येतो. अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशा रीतीने आग पेटवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ३० नुसार गुन्हा आहे. राखीव जंगलासाठीही असाच नियम आहे, १९२७ च्या वन कायद्यातला. आपला कॅम्पिंगचा सीझन नोव्हेंबर ते फेब्रुवारी आणि गवत वाळतं ते नेमकं तेव्हाच. तीन दगडांच्या चुलीपेक्षा शेगडी बरी, ठिणग्या उडत नाहीत, लाकूड तोडावं लागत नाही, हे खरंच. पण ती उलटली तर गवत तेवढ्याच वेगाने पेटतं. म्हणून सपाट कातळावर लावा, भोवतालचं गवत हाताने बाजूला करा, शेजारी दोन लिटर पाणी भरून ठेवा. मुक्काम आणि स्वयंपाक चालतो का, हे वनविभागाच्या नाक्यावर आधी विचारा. ‘नाही’ म्हणाले तर नाही.

रिकामे कॅन खाली आणायचे. ते दरीत फेकायचे नाहीत आणि शेकोटीत तर मुळीच नाहीत, रिकाम्या वाटणाऱ्या कॅनमध्येही थोडा गॅस उरलेला असतो.

मग लोकलवाल्यांनी काय खायचं?

आता कबूल केलेली सोय. पायथ्याच्या गावात पिठलं-भाकरी मिळते. माहुली गावातच नाही, आपल्या अनेक किल्ल्यांच्या पायथ्याला आदल्या दिवशी फोन केला की गरम जेवण तयार असतं. आठ जणांचं जेवण आणि दोन वेळचा चहा यांचा हिशोब शेगडी, दोन कॅन आणि भाड्याची गाडी यांच्या शेजारी मांडून बघा. शिवाय पैसे ज्याच्या डोंगरावर आपण झोपणार, त्याच्या घरात जातात. वर मुक्कामाला ठेपले, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळपोळी, उकडलेली अंडी न्या. दोन मोठ्या थर्मासमध्ये पायथ्याहून चहा भरून घ्या. पहाटे तो वाफाळता नसेल, पण कोमट तरी असतो.

आणि पहिल्यांदाच कॅम्पिंग करणार असाल तर घरच्या जवळून सुरुवात करा. भिवंडी तालुक्यातच दुगाडजवळ गुमतारा किल्ला आहे. सकाळी जा, दुपारी परत या, शेगडी लागतच नाही. मुक्काम, गाडी आणि शेगडी त्यानंतरच्या ट्रिपला.

निघण्यापूर्वी ग्रुपवर टाका

• प्रवास ट्रेन, एसटी किंवा बाइकने असेल तर गॅस नाही. चर्चा नाही.
• दोघे-तिघे चढून जाणार असतील तर कॅनवरची छोटी शेगडी. गाडीने टेंटपर्यंत जाणारे सहा-आठ जण असतील तर कॅसेट स्टोव्ह. आठवड्याचं शिबिर असेल तर पाच किलोचा अधिकृत सिलिंडर.
• नवी शेगडी आधी घरी, गच्चीवर किंवा अंगणात एकदा लावून बघा. डोंगरावर अंधारात मॅन्युअल वाचत बसू नका.
• काडेपेटी प्लास्टिकच्या पिशवीत, शिवाय एक लायटर. शेगडीचं खटक्याचं बटण ऐन वेळी दगा देतं.
• शेगडीची जबाबदारी एकाच माणसावर द्या. पेटवणार तोच, बंद करणार तोच.
• गॅस गळतीसाठी १९०६, वनविभागासाठी १९२६, कुठल्याही आणीबाणीत ११२. नंबर सेव्ह करा, वर रेंज कुठे येते तेही चढताना बघून ठेवा.

शुक्रवारच्या त्या मेसेजला आता उत्तर देताना अंगठ्याआधी एक प्रश्न टाका, ‘जाणार कशाने?’ शेगडीचं पुढचं पुढे ठरेल.